मुंबईची धूळ बारा महिने एकच नसते

‘मुंबईच्या हवेतली धूळ वर्षभर तीच असते, हिवाळ्यात ती फक्त खाली साचते आणि पावसात धुऊन जाते, तेव्हा रस्त्यांवर पाणी मारले, बांधकामे झाकली की झाले,’ असा मजकूर दर हिवाळ्यात मोबाइलवर फिरू लागतो. त्यातले साचण्याचे म्हणणे खरे आहे. हिवाळ्यात जमिनीलगतचा हवेचा थर उथळ होतो आणि रात्री मतलई वाऱ्यांनी समुद्रावर नेलेला धूर दुपारच्या खाऱ्या वाऱ्यांबरोबर काही अंशी परत येतो.

पण धूळ ‘तीच’ नसते. हवा मोजण्याच्या यंत्रातला गाळणकागद एप्रिलमध्ये मातकट झालेला असतो आणि जानेवारीत काळपट, मग दोन्हींवरच्या कणांचे वजन सारखे का भरेना. मातकट रंग सिलिकॉन, कॅल्शियम, लोह असलेल्या मातीचा, तर काळपट रंग ज्वलनातून आलेल्या काजळीचा. या काजळीत मिसळलेले अमोनियम नायट्रेट डोळ्यांना वेगळे दिसतही नाही: वाहनांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइडपासून हवेत नायट्रिक आम्ल बनते, ते अमोनियाशी संयोग पावते आणि थंड, दमट हवेत त्याचे कण टिकतात, उन्हाळ्यात तोच क्षार विघटित होऊन पुन्हा वायुरूप होतो. मुंबईची थंडी दिल्लीइतकी कडक नसल्याने हा फरक इथे सौम्य असतो, एवढेच. अर्थात निसर्ग पंचांग पाहून चालत नाही; जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने शहर भर हिवाळ्यात झाकोळले होते.

पावसाने हवा धुतली जाते हेही अर्धेच खरे. पाऊस मोठे कण चांगले खाली आणतो, मात्र 0.1 ते 1 मायक्रोमीटरच्या कणांवर त्याची मात्रा फारशी चालत नाही. पावसाळ्यात तेही घटतात, याचे मोठे श्रेय समुद्रावरून येणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांचे आहे, आणि ते वारे आपले कण बरोबर घेऊन येतात: वरळी-माहीमच्या खिडक्यांवर बसणारा चिकट थर जिभेला खारट लागतो, तो या मिठामुळेच.

राहिले पाणी मारणे. कोरड्या महिन्यांत रस्त्यावरची धूळ बसवायला टँकर हवेत आणि बांधकामांवर हिरवी जाळीही हवी. परंतु जो कण रस्त्यावरून उडालेलाच नाही, जो वायूंपासून हवेतच जन्मला, त्याला टँकर कुठे गाठणार? त्यासाठी वाहनांचा धूर, बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्या आणि थंडीत रात्री कचरा घालून पेटवल्या जाणाऱ्या शेकोट्या यांच्याकडेच जावे लागेल.