होमाईबाईंचे सुरुवातीचे फोटो त्यांनीच काढलेत

सोलापुरातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. म्हणे भारताच्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर होमाई व्यारावाला यांचे मुंबईतले सुरुवातीचे फोटो खरं तर त्यांच्या नवऱ्याने, माणेकशॉंनी काढले, पुरावा काय तर छापील पानावर नाव त्यांचंच आहे, बाईंनी कॅमेरा धरला तो दिल्लीला गेल्यावर, आणि 'डालडा 13' हे टोपणनाव वनस्पती तुपाच्या जाहिराती केल्या म्हणून पडलं. खाली नुसते अंगठे. वाचून फार वाईट वाटलं.

आधी नावाचं बघू, सगळं त्याच्यावरच उभं आहे. इलस्ट्रेटेड वीकलीत बाईंचे फोटो माणेकशॉंच्या नावाने छापून आले हे खरंय, पण ते काही कुणी खणून काढलेलं गुपित नाही ओ, बाईंनीच मुलाखतींत सांगितलंय. नवी मुलगी, नाव कुणाला माहीत नाही, त्यात बाईमाणूस, आणि माणेकशॉ टाइम्स ऑफ इंडियात नोकरीला, म्हणून त्यांचं नाव लागलं. आपल्या नवी पेठेत बघा की, लग्नात पहाटेपासून उभा राहून फोटो काढणारा पोरगा वेगळा आणि अल्बमवर शिक्का स्टुडिओच्या मालकाचा, मग ते फोटो मालकाने काढले म्हणायचं का? माणेकशॉंना कमी लेखायचं नाही मला, कॅमेरा बाईंना त्यांनीच शिकवला. पण शिकवलं म्हणजे पुढचं सगळं काम गुरूचं होत नाही.

दिल्लीचं तर तारखेतच बसत नाही. दोघं दिल्लीला गेले 1942 मध्ये, ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी. त्याच्या आधी, 1938 च्या सुमारास, मुंबईतल्या एका महिला क्लबच्या सहलीचे बाईंनी काढलेले फोटो बॉम्बे क्रॉनिकलमध्ये छापून आले होते, फोटोमागे एक रुपया मिळाला होता. बाई जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, आणि तिथली वर्गमैत्रीण रेहाना मोगल त्यांच्या त्या काळातल्या फोटोंत परत परत दिसते. ते फोटो नीट बघा एकदा. कुठं ताठरपणा नाही, पोझ दिल्यासारखं नाही, मैत्रीण मैत्रिणीसमोर असते तशी ती बसलीय. माझ्या मते बाईंचं सगळ्यात मोकळं काम हेच आहे, माऊंटबॅटन आणि नेहरूंच्या फोटोंपुढे ते झाकून गेलं एवढंच. पुढं महायुद्धात नागरी संरक्षणाचं ट्रेनिंग घेणाऱ्या बायकाही त्यांनी टिपल्या, तेही याच मुंबईत.

'डालडा' चं दोन ओळीत सांगतो. जन्म 1913 चा, माणेकशॉ भेटले तेव्हा वय 13, आणि गाडीचा नंबर डीएलडी 13. तुपाचा काही संबंध नाही. आणि डीएल म्हणजे दिल्लीची पासिंग, त्यामुळे मुंबईच्या कामाशी या नावाचा मेळच बसत नाही.

ग्रुपमधल्या एका ताईंनी विचारलंय, कॉलेजच्या प्रदर्शनात त्या जुन्या फोटोंखाली नाव कुणाचं टाकू. ताई, 'फोटो: होमाई व्यारावाला' असं ठळक लिहा, आणि खाली बारीक अक्षरात 'छापताना नाव माणेकशॉ व्यारावाला' हेही टाका, ते का लागलं ते पोरांना कळू दे.