खड्डा बुजवला म्हणे!

पुन्हा तेच! नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत भर पावसात डंपर आला, तळं साचलेल्या खड्ड्यात मुरूम-खडी ओतली, फावड्याने दोनदा थोपटली आणि गेला. चार दिवसांत खडी रस्त्याच्या कडेला, खड्डा जागच्या जागी. वर त्या खडीवरून पहिल्या पाळीच्या दुचाक्या घसरतात ते वेगळंच.

अहो, खड्डा बुजवायची रीत असते. कडा सरळ चौकोनी कापायच्या, पक्का थर लागेपर्यंत सैल माल उपसायचा, पाणी आणि धूळ काढायची, तळाला न् कडांना पातळ डांबराचा हात मारायचा, मग गरम माल थराथराने टाकून प्रत्येक थर दाबायचा. ओल्या खडीला डांबर धरतच नाही. हे घमेलं उचलणाऱ्यालाही कळतं, बिल मंजूर करणाऱ्याला तेवढं कळत नाही.

1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्यानंतर सातपूरच्या शेतांवर प्लॉट पडले. 1964 मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, मग सातपुरात मायको कंपनी, पुढे अंबडची औद्योगिक वसाहत, आणि कामगारांना राहायला सिडकोची घरं. तेव्हा ड्यूटीला माणसं सायकलवर जायची. आज त्याच आतल्या रस्त्यांवर स्टीलची कॉइल लादलेले ट्रेलर वळतात. एका आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने सोळापट होते. दुप्पट नाही, सोळापट!

बरं, भार एक वेळ सोसेल, पाणी नाही सोसत. रस्त्याला मधून कडेला मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर उतार हवा. इथे थरावर थर चढवून तो केव्हाच गेला. उरलंसुरलं पाणी गटारीत जावं, तर गटारीवर टपरी, टपरीपुढे उभा टेम्पो. पाणी डांबराखाली मुरतं, खालची खडी सुटते, वरून चाक गेलं की भगदाड. त्यात कधी केबल, कधी गॅसची लाइन. चर खणायचा, सगळी माती एकदम लोटायची, वर डांबराची पट्टी. वीतभर माती टाकून धुम्मस मारायची, मग पुढचा थर, एवढंही जमत नाही? पहिल्याच पावसात चर खचतो आणि तक्रार केली की हे खातं त्या खात्याकडे बोट दाखवतं.

सिंहस्थ आला की त्र्यंबक रोडचं नशीब उघडतं. आतल्या गल्ल्यांत साधू येत नाहीत ना!

निदान आता दिवाळीनंतर डांबर टाकाल, तेव्हा आधी त्या गटारी उघडा.