आत काही हलत नाही? मग गाडी कशी हलेल, दाजी?

आठ दिवस एक मेसेज सोलापुरात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. परवा आमच्या दाजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला: ‘सॉलिड स्टेट बॅटरीत द्रव नाही, म्हणून आत काही हलत नाही. झीज नाही, उन्हाचा त्रास नाही, आग तर लागूच शकत नाही. आत्ता ई-स्कूटर घेऊ नका, थांबा.’ दाजी बुकिंग रद्द करायला निघालेत.

काय ओ दाजी, आत काहीच हलत नसेल तर ती बॅटरी नव्हे, शहाबादी फरशी. वीज हवी तर लिथियमच्या आयनांना, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंना, या टोकाकडून त्या टोकाला जावंच लागतं. या टोकांमधला, आयनांना वाट देणारा पदार्थ म्हणजे इलेक्ट्रोलाइट. तो घन असेल तर बाकीच्या अणूंची चौकट जागच्या जागी थरथरते आणि लिथियम एका रिकाम्या जागेतून शेजारच्या जागेत उडी मारतो. मधली वाट अरुंद असते. तिथून निसटायला ऊर्जा जितकी कमी लागेल तितका तो पदार्थ कामाचा. गंधकाची चौकट इथे बरी पडते, कारण गंधकाचा अणू मोठा आणि लिथियमवरची त्याची पकड सैल. २०११ साली जपानमध्ये रायोजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधकाचा असा पदार्थ दाखवला, ज्याची वाहकता, म्हणजे आयन वाहू देण्याची क्षमता, साध्या खोलीच्या तापमानाला सेंटिमीटरला १२ मिलिसिमेन्स भरली. नेहमीच्या द्रवाची साधारण १०.

घनातून आयन धावतात हे जुनंच आहे. सिल्व्हर आयोडाइड १४७ अंशांना रचना बदलतं आणि घन असतानाच त्याची वाहकता हजारो पटींनी वाढते. गंमत पुढे आहे: ५५८ अंशांना ते वितळतं, तेव्हा वाहकता किंचित घटते!

मग घोडं अडतं कुठे? कडक भाकरीच्या दोन चतकोरा एकमेकींवर ठेवून बघा. चार-दोन ठिकाणी टेकतात, बाकी मधे हवा. तीच भाकरी आमटीत कुस्करा, रस कणाकणात शिरतो. द्रव इलेक्ट्रोलाइट म्हणजे ती आमटी. घनात आयनाला फक्त टेकलेल्या ठिकाणीच पलीकडे जाता येतं. त्यात चार्जिंगला इलेक्ट्रोड, म्हणजे बॅटरीची ती दोन टोकं, फुगतात-आकसतात, टेकलेलं सुटतं, बारीक भेगा पडतात, आणि भेगांतून लिथियमचे धागे वाढून शॉर्टसर्किटही होतं. म्हणून असे सेल दाबाखाली घट्ट आवळून ठेवावे लागतात. झीज नाही म्हणे!

उन्हाचं अर्धं खरं. उष्णतेने घनातल्या आयनांच्या उड्या वाढतातच. पण इलेक्ट्रोडलगतच्या नको त्या रासायनिक क्रियाही वाढतात. घन पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या इलेक्ट्रोलाइटच्या, बॅटरीची जुनी जात तर ६० अंशांच्या पुढेच नीट चालते, आपल्या मे महिन्यातले ४३ अंशही तिला थंडच.

आणि आग. एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसला दोन इलेक्ट्रिक बस पेटल्या आणि १४९ बस रस्त्यावरून काढाव्या लागल्या. त्यांच्या बॅटरीत घन पॉलिमर आणि लिथियम धातूच होता. गंधकवाले पदार्थ ओलसर हवेत सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू सोडतात, तो धोका वेगळाच.

‘सेमी-सॉलिड’ नावाने जे खपतं, त्यात द्रव असतोच. आमटी वाटीभर नाही, चमचाभर.