'पारावरचं विज्ञान': एका प्रतिक्रियेला उत्तर

बेळगावच्या आभाळातल्या ढगांच्या रांगांवर, वीटभट्टीच्या धुराचा आधार घेऊन, मी लिहिलं, त्यावर एका वाचकांची सविस्तर प्रतिक्रिया आली आहे. रांगा वाऱ्याला समांतर होत्या की आडव्या ते कळत नाही, दुपारी त्या का मोडल्या ते सांगितलं नाही, आकृती प्रमाणात नाही, असे त्यांचे आक्षेप. आणि शेवटी हे वाक्य: "भट्टीचा धूर बघून हवेचा अभ्यास होत नसतो, त्याला उपकरणं लागतात, सीमाभागातल्या मास्तरांचं हे पारावरचं विज्ञान झालं."

आकृती हातानं काढलेली आहे, प्रमाणात नाही. मान्य.

आता पाराचं. मुद्दा पटला नाही तर तसं म्हणा, मास्तरकी आणि सीमाभाग मध्ये कशाला? खानापूर रस्त्यालगतच्या गावात आमचं खळं होतं. भाताला वारं देताना झुळूक कधी येणार नि कधी पडणार, हे आजी सूप उचलायच्या आधी सांगायची. पुढे माझी हयात विज्ञान शिकवण्यात गेली. तेव्हा धूर 'बघणं' म्हणजे काय, ते जरा सांगतो.

हिवाळ्यात पहाटे वीटभट्टीचा धूर कौलांच्या थोडा वर आडवा पसरून राहतो. रात्रभर जमीन निवलेली असते, खाली गार जड हवा, वर ऊबदार, ढवळाढवळ बंद. उन्हं चढली की तापलेली हवा खालून तो थर पोखरत जाते, आणि काही वेळ सगळा धूर गल्लीत उतरतो. डोळे चुरचुरतात, दोरीवरच्या कपड्यांना वास लागतो. त्यानंतर मात्र धुराचा एक लोट भुईला टेकतो, पुढचा वर उसळतो. हवेतला खळबळाट याहून स्पष्ट कुठे दिसतो ते दाखवा.

बघून अभ्यास होत नाही म्हणता? अमेरिकी शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर 1927 साली अटलांटिक ओलांडत होते. समुद्रशेवाळ वाऱ्याच्या दिशेनं लांबच लांब रांगांत जमलेलं त्यांना बोटीवरून दिसलं. पाण्यात वाऱ्याच्या दिशेनं लांब पडलेल्या, उलटसुलट फिरणाऱ्या भोवऱ्यांच्या जोड्या असतात, ही कल्पना तिथून निघाली. 1938 साली त्यांनी ती मांडली. (मध्ये त्यांनी तळ्यावर प्रयोग केले, तेवढं मलाही ठाऊक आहे.) 1940 च्या सुमारास समुद्राचे अभ्यासक आल्फ्रेड वुडकॉक यांनी समुद्रपक्षी घिरट्या घेत चढतात की सरळ रेषेत तरंगतात, एवढ्यावरून हवेच्या हालचालीचा अंदाज बांधला. हवेतले भोवरे तसेच: दोन भोवऱ्यांमध्ये जिथे हवा चढते तिथे ढगांची ओळ, जिथे उतरते तिथे मोकळं आभाळ. दोन ओळींतलं अंतर साधारणपणे खालच्या ढवळलेल्या थराच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट.

उपकरणं नकोत असं मी कुठे लिहिलंय? सोनिक ॲनिमोमीटर, म्हणजे ध्वनिलहरींनी वारा मोजणारा मापक, सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचे तिन्ही घटक मोजतो, धुराला ते जमणार नाही. मान्सूनच्या पट्ट्यात जमिनीलगतच्या हवेचा थर अभ्यासणाऱ्या 1990 च्या मॉन्टब्लेक्स प्रयोगात जोधपूर, दिल्ली, वाराणसी आणि खरगपूरला 30 मीटरचे मनोरे उभारले होते, काम मोलाचंच. पण हे भोवरे किलोमीटर-दोन किलोमीटर उंच. एकट्या मनोऱ्याला त्यांचा तळ तेवढा कळतो. पूर्ण भोवरा पकडायचा तर रडार नाहीतर विमान लागतं. ते आमच्या गावात नाही, तुमच्या अंगणात असेल तर कळवा.

राहिलं समांतर की आडव्या. आडव्या असत्या तर घाटावरून येणाऱ्या हवेच्या लाटांचा संशय घेता आला असता. पण धूर ज्या दिशेला, रांगाही त्याच दिशेला, उन्नीस-बीस फरकानं. लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. वाचलात का? दुपारचं म्हणाल तर वारा पडला, ऊन वाढलं, रांगांचे पुंजके झाले. याहून जास्त इथे लिहीत बसत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, मास्तरांच्या वाक्यासकट तशीच ठेवली आहे. पुढच्या वेळी टोपणनाव सोडून लिहा, मग दुपारच्या रांगांवर सावकाश बोलू.