तो दिवा खाली वळवा हो!

मार्गशीर्षातली अमावास्या, आभाळ निरभ्र. गच्चीवर थंडीत कुडकुडत अर्धा तास ध्रुवतारा साधून ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) लावला. मृगातला तेजोमेघ टिपायचा. सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरून येणारा तो फिकट उजेड, ३० सेकंदांचे १०० फोटो एकावर एक रचून. आणि बाराव्याच फोटोला समोरच्या बंगल्याचा फ्लडलाइट भक्कन पेटतो! भिंतीवरून मांजर गेलं तरी पेटतो. फोटो पांढराफटक. खाली उदमांजर टिपायला पपईपाशी बांधलेल्या कॅमेऱ्याचीही तीच गत. महिनाभर ते तिकडे फिरकलेलं नाही. काका, तीनदा येऊन सांगितलं, दिवा बंद नका करू, नुसता जमिनीकडे वळवा! उजेड अंगणात हवा ना तुम्हाला? मग आभाळात कशाला फेकताय?