समाजशास्त्राचा वर्ग बंद करायला निघालेल्यांनी आधी वाडीवर यावं

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, तरी वाचा.

सकाळी आमच्या इकडच्या एका महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला गेले होते. व्यासपीठावरून एक पाहुणे म्हणाले की समाजशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्राच्या वर्गांत आता पोरं येत नाहीत, खोल्या अडकून पडल्यात, तिथे हाताला काम देणारं काहीतरी सुरू करा. पुढच्या रांगांतून टाळ्या पडल्या. मी हात वर करून उभी होते, पण माइक काही आमच्या बाजूला आला नाही. म्हणून इथे बोलते.

3 जून 2020. निसर्ग वादळ. आमच्या दापोली तालुक्यात ज्यांनी तो दिवस काढला त्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या काकीच्या वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या झाल्या, नारळ शेंड्यापासून मोडले. पंचनामे झाले. मदत हेक्टरावर मोजायची आणि काकीची वाडी गुंठ्यांत. त्यात सातबाऱ्यावर नावं आजेसासऱ्यांची आणि त्यांच्या भावांची, बहुतेक सगळे वारलेले. वारस विरार, नालासोपारा, डोंबिवलीला. लग्न होऊन आल्यापासून जिने त्या वाडीचं शिंपणं केलं, तिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

लॉकडाऊन सुटल्यावर समाजशास्त्राची पोरं आमच्याकडे आली. एसटीने, त्यांच्या मॅडमबरोबर, छापील प्रश्नांचे कागद घेऊन. ओटीवर बसली. एका पोरीने काकीला विचारलं, "आजी, तुमच्या नावावर काय काय आहे?" काकी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "रेशनकार्डात आहे गो माझं नाव." पोरीने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

हा प्रश्न तोवर काकीला कुणीही विचारला नव्हता. पंचनाम्याच्या फॉर्मात तसा रकानाच नाही. विद्यापीठातला सामाजिक शास्त्रांचा विभाग कशासाठी, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. सरकारी कागदाला जे दिसत नाही ते घराघरात जाऊन विचारायचं, नीट लिहायचं आणि ज्यांचं आहे त्यांना परत आणून द्यायचं.

आणि हे विषय कोकणाला परके आहेत, असं कृपा करून कुणी सांगू नका. मुंबई विद्यापीठात 1919 साली समाजशास्त्राचा विभाग निघाला, देशातला पहिला. 1924 पासून 1959 पर्यंत तो ज्यांनी सांभाळला ते गोविंद सदाशिव घुर्ये मालवणात जन्मलेले. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं. अर्थशास्त्रात जगातल्या मोठ्या पदव्या घेऊन आलेल्या या माणसाने 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा आणि पिकाचा वाटा वसूल करायची पद्धत, बंद करण्याचं विधेयक मांडलं. तिकडे अलिबागेजवळ चरीच्या कुळांनी 1933 पासून सहा वर्षं संप चालवला, शेतं पडीक ठेवली, उपास काढले. खोती कायद्याने गेली ती 1949 साली. शेतात राबतं कोण आणि पीक जातं कुणाच्या घरी, हा हिशोब कुणीतरी मांडला म्हणून ती गेली. आज तुमच्या आजोबांच्या नावावर जमीन आहे ना? मग या विषयांना फालतू म्हणताना जीभ कशी रेटते?

2011 ची जनगणना काढून बघा. रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका. दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी 80 हजारांहून अधिक घटली. पुरुष आधी गिरण्यांत गेले, गिरण्या बसल्यावर मिळेल त्या कामाला गेले, आणि घर, गुरं, शेत, म्हातारी माणसं बायकांवर राहिली. म्हणजे काकी एकटी नाही. वाडीवाडीवर काकी आहेत. त्यांचं कोण लिहिणार?

सड्यांचंही, म्हणजे आमच्याकडच्या जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांचंही, तेच. कागदावर सडा म्हणजे पोटखराबा, पडीक. 2023 साली राजापूर तालुक्यात बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा सगळा महाराष्ट्र बोलत होता, प्रकल्प हवा की नको. पण सड्यावरचं गवत कोण कापतं, गुरं कुणाची चरतात, पावसाळ्यात रानभाज्या काढायला कोण जातं? हे जमीन मागायच्या आधी लिहिलेलं असलं पाहिजे. पोलिसांच्या गाड्या आल्यावर नाही.

हो, बीए झालेली पोरं घरी बसतात. खरं आहे ते.

आणि काही विभागांत सर्वेक्षण म्हणजे नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीला लावायचा फोटो, हेही मला माहीत आहे. बॅनर धरायचा, फोटो काढायचा, लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे आणि पुन्हा त्या गावाला तोंड दाखवायचं नाही. याची मला त्या पाहुण्यांपेक्षा जास्त चीड आहे. बाईने आपल्या घरातलं तुम्हाला सांगितलं, तुम्ही त्याचे मार्क घेतले आणि निघून गेलात? पण त्याला उपाय खोली रिकामी करणं नाही. त्या शिक्षकांना जाब विचारा, चांगल्यांना हाताशी धरा.

आमच्याकडची पोरं परत आली होती. देवळाच्या सभामंडपात त्यांनी अहवाल वाचून दाखवला, साध्या मराठीत, कुणाचं नाव न घेता. किती घरं बायका चालवतात, त्यांतल्या कितीजणींच्या नावावर जमीन आहे, मदत कुठे अडली. काकी अगदी पुढे बसली होती. भावकीतले दोघे मधेच उठून गेले. त्यांना झोंबलं, झोंबू दे. नंतर त्याच पोरीने काकीला वारस नोंदीचा अर्ज लिहून दिला. तलाठ्याकडे बऱ्याच खेपा झाल्या, मुंबईकरांच्या फोनवर विनवण्या झाल्या. पोफळीचे पैसे शेवटपर्यंत आले नाहीत. पण आज सातबाऱ्यावर काकीचं नाव आहे. तो उतारा तिने मला दोनदा वाचायला लावला.

ती पोरगी नोकरी शोधतेय अजून. हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

आता कामाचं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला आणि समाजसहभागाला क्रेडिट ठेवलेत, त्यामुळे वेळ नाही, तरतूद नाही ही सबब चालणार नाही. महाविद्यालय विकास समितीला मी निवेदन देतेय. तिन्ही विषय बंद करू नका. दरवर्षी तालुक्यातली काही गावं घेऊन नीट अभ्यास करा. अहवाल मराठीत लिहा आणि ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय मार्क देऊ नका. सर्वेक्षणाला जाणाऱ्या पोरांच्या एसटीचा आणि जेवणाचा खर्च आम्ही माजी विद्यार्थी उचलू, हेही त्यात लिहितेय.

ज्यांना सही करायची आहे त्यांनी नाव, गाव आणि पास झाल्याचं वर्ष मला कळवा. मुंबईकरांनीसुद्धा. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे, माझ्याबरोबर आत कोण येणार ते आजच सांगा.