लासोटा लशीची ताकद ‘एचए’च्या आकड्यावरून ठरत नाही

कुक्कुटपालकांमध्ये एक दावा फिरतोय: एचए (हिमॅग्लुटिनेशन, म्हणजे रक्तपेशी चिकटण्याची) चाचणीत टायटर, म्हणजे किती पट पातळ केल्यावरही परिणाम दिसतो तो आकडा, भरपूर आला की राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य आजारावरची लासोटा ही जिवंत लस जोमदार समजावी. हे चूक आहे, आणि पक्ष्यांच्या जिवावर बेतणारं आहे.

एचएमध्ये विषाणू कोंबडीच्या रक्तपेशी एकमेकींना चिकटवतो, एवढंच दिसतं. संसर्ग करण्याची शक्ती गमावलेले कणही हे काम करू शकतात. जिवंत लशीत मात्र जिवंत विषाणूच मोजायला हवा. त्यासाठी लस टप्प्याटप्प्याने दहा-दहा पट पातळ करून प्रत्येक टप्प्याचा थोडा भाग 9 ते 11 दिवसांच्या भ्रूण असलेल्या अंड्यांत टोचतात. अंडी एसपीएफ (ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त) कळपातलीच हवीत, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे निकाल बिघडतो. काही दिवस उबवून प्रत्येक अंड्यातल्या द्रवाची एचए करतात. इथे ती फक्त संसर्ग झाला की नाही, ते सांगते. निम्म्या अंड्यांना संसर्ग करणारी मात्रा, म्हणजे ईआयडी50, बहुधा रीड आणि म्यूंच यांच्या 1938 च्या पद्धतीने काढतात. लेबलवर 10 चा 6 वा घात असेल, तर डोसमागे अशा दहा लाख मात्रा.

मारेक या कोंबड्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराच्या लशीला एचए लागूच पडत नाही. तिथे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या थरात विषाणूने पाडलेले डाग, म्हणजे प्लाक, मोजतात.

शीतसाखळी तुटलेली (साठवण-वाहतुकीत थंडावा न टिकलेली) कुपी एचए चांगला आला म्हणून वापरू नका.